कंसातलं वाक्य

पत्र:

नमस्कार. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्षापासून स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमच्या बैठका घेते आणि काम अडू नये हे बघते. त्याआधी सहा वर्षं टेस्टिंग केलं. आमची टीम नऊ जणांची, दोघं नागपूर आणि कोल्हापुरातून घरून काम करतात. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला रेट्रो, म्हणजे झालेल्या स्प्रिंटचा मागोवा घेणारी बैठक, असते. पूर्वी लोक बोलायचे. आता मी 'काय चांगलं झालं, काय चुकलं' असं विचारलं की सगळे स्क्रीनकडे बघत बसतात. बोर्डवर 'गुड टीमवर्क', 'ऑल गुड' अशा दोन-तीन स्टिकी येतात आणि एक 'टेस्ट एन्व्हायर्नमेंट सारखं बंद पडतं', म्हणजे ज्यावर आम्ही टेस्टिंग करतो ती यंत्रणा. ही शेवटची गेल्या अकरा रेट्रोंमध्ये आलीय, मी मोजलं. रेट्रो घ्यायचे वेगवेगळे प्रकार करून बघितले: होडीचं चित्र झालं, स्टारफिश झाला, हसरे-रडके चेहरे झाले. मॅनेजर सर म्हणतात, टीम अजून मॅच्युअर नाही, जरा फन ठेव, समोसे मागव. (सर प्रत्येक रेट्रोला बसतात. एका ज्युनिअर टेस्टरने मार्चमध्ये रेट्रोत सांगितलं होतं की वेळ नव्हता म्हणून एका मॉड्यूलचं रिग्रेशन, म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी, सोडलं. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये सरांनी त्याला ते ऐकवलं. पण त्याला आता चार महिने झाले.) आमचा सिनिअर डेव्हलपर म्हणतो, बंदच कर, तेवढ्या वेळात दोन तिकिटं, म्हणजे बोर्डवरची दोन कामं, निघतील. एखादा नवा प्रकार सुचवाल का?

एक स्क्रम मास्टर, पुणे

स्क्रम मास्टरताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. होडी, स्टारफिश, समोसे कंसाबाहेर, आणि दुखणं आत. वर 'चार महिने झाले' असंही लिहिता. ताई, अप्रेझलमध्ये ऐकून घेतलेलं माणूस नोकरी बदलली तरी विसरत नाही. आणि ते त्या एका मुलापुरतं राहिलेलं नाही. तो त्या खोलीतून बाहेर पडला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टीममधल्या प्रत्येकाला कळलं असणार, कोल्हापूर आणि नागपूरसकट.

सरांना टीम मॅच्युअर वाटत नाही. मला तर ती भलतीच तल्लख वाटली. या खोलीत बोललेलं त्या खोलीत निघतं, हा धडा सगळे एका अनुभवात शिकले. त्यानंतर 'ऑल गुड' लिहिणं याला मी आळस म्हणणार नाही. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत दुसरं काय होतं? गच्चीच्या गळतीबद्दल कोणी एकदा तोंड उघडतं, 'मग तुम्हीच घ्या ना जबाबदारी' असं ऐकतं, आणि पुढच्या वर्षापासून तो गृहस्थ फक्त वेफर्स आणि चहापुरता येतो. गळती चालूच असते.

तुमच्या सरांवर मी दुरून दगड मारत नाहीये. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः मॅनेजर होतो आणि टीमच्या रेट्रोत कोपऱ्यात बसायचो. मध्ये एक शब्द बोलायचो नाही, याचा मला कोण अभिमान. फक्त काळ्या कव्हरच्या डायरीत टिपून घ्यायचो. सोमवारी ग्राहकाचा कॉल असायचा, तिथे कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार हवं असायचं, म्हणून. एका सोमवारी मी सांगून मोकळा झालो की बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, लांबला तो आमच्या अमक्याचा कोड जोडताना मर्ज चुकल्यामुळे. नाव घेऊन. कॉलवर आमच्याच टीममधले दोघे होते. पुढच्या रेट्रोत सगळं शांत. मला वाटलं, वा, स्प्रिंट छान गेला! पुढचे पाच-सहा स्प्रिंट असेच 'छान' गेले. मग टीममधली एक मुलगी नोकरी सोडून चालली होती, शेवटच्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "सर, तुम्ही डायरी उघडली की आम्ही तोंड मिटायचो." मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती नुसती हसली. सांगणार कुठे होती? रेट्रोत?

शांत टीम म्हणजे निरोगी टीम, हा माझा समज तेव्हा मोडला. पुढे वाचनात आलं की तो समज आकड्यांनीही मोडलेला आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक 1990च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमकडून चुका कमी होत असतील, अशी त्यांची साहजिक अपेक्षा. आकडे उलटे आले. जिथे टीम चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की त्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या सांगायची सोय होती. बाकीच्या ठिकाणी त्या पोटात राहत होत्या. 1999 मध्ये त्यांनी एका कंपनीतल्या टीमवर जो निबंध लिहिला, त्यातून 'सायकॉलॉजिकल सेफ्टी', म्हणजे न घाबरता बोलता येणं, हा शब्द सगळीकडे गेला. हल्ली प्रत्येक एचआरच्या स्लाइडवर तो असतो. वॉर्डची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. तुमचा 'ऑल गुड'चा बोर्ड मला त्या चुका न नोंदवणाऱ्या वॉर्डासारखा वाटतो.

म्हणून नवा प्रकार मी सुचवत नाही. होडी काय आणि स्टारफिश काय, ती विचारायची तऱ्हा आहे. तुमच्याकडे अडलंय ते उत्तर दिल्यावर काय होतं तिथे.

पहिलं काम सरांकडे जाण्याचं. एकटीने जा, दार लावून बसा, आणि रेट्रोच्या दिवशी नको. 2020च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेत, स्क्रम टीम म्हणजे डेव्हलपर, कुठलं काम आधी ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर, मॅनेजरचा तिथे उल्लेखच नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ते त्यांच्या तोंडावर फेकू नका. नियम दाखवून पदाने मोठ्या माणसाला खोलीबाहेर काढता येतं, पण तो दाराला कान लावून बसतो. मॅनेजर रेट्रोत का बसतो, हे मी माझ्यावरून सांगतो. आपल्यामागे काय बोलतील याची थोडी भीती, आणि काही बिघडलं तर वरच्या साहेबाकडून ते आपल्याला आधी कळेल याची मोठी भीती. या दुसऱ्या भीतीवर इलाज आहे, तो त्यांना द्या. साधारण असं बोला:

"सर, रेट्रोत लोक बोलत नाहीत. मला वाटतं एप्रिलमधल्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. पुढच्या तीन रेट्रो मी तुमच्याशिवाय घेऊन बघते. प्रत्येकीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी अर्ध्या पानात तुम्हाला देईन. कोण काय बोललं ते देणार नाही. आणि जी गोष्ट टीमच्या हातात नाही, फक्त तुमच्या हातात आहे, अशी एक दर वेळी तुमच्याकडे घेऊन येईन."

तीनच म्हणा. सहा आठवड्यांच्या प्रयोगाला माणूस हो म्हणतो, कायमच्या हद्दपारीला म्हणत नाही. आणि एप्रिलचा उल्लेख गाळू नका. तुमचा आवाज तिथेच बसेल, तरीही. तो गाळलात तर ते समजतील की तुम्हाला समोशांचा प्रस्ताव आवडला नाही.

त्यांनी टीमसमोर उभं राहून एवढंच म्हटलं की 'रेट्रोत ऐकलेलं मी अप्रेझलमध्ये वापरलं, ते चुकलं, पुन्हा होणार नाही', तर तुमचं निम्मं काम झालं. असं म्हणणारे मॅनेजर असतात. मी मात्र तेव्हा म्हटलं नव्हतं. डायरी आणणं बंद केलं आणि समजलो की झाली भरपाई. लोकांना वाटलं, सर आता लक्षात ठेवतात.

ते नाहीच म्हणाले तर मधला रस्ता काढा. शेवटची पंधरा मिनिटं या म्हणावं, ठरलेलं वाचून दाखवायला. तेही नको असेल आणि ते पूर्ण वेळ बसणारच असतील, तर त्यांच्यासमोर फक्त यंत्रांबद्दल आणि प्रक्रियेबद्दल बोलायचं, माणसांच्या चुका काढायच्याच नाहीत, हे टीमला आधी सांगून ठेवा. लंगडी का होईना, रेट्रो होईल. निदान कोणाचा बळी तरी जाणार नाही.

एक प्रश्न तुम्हालाही. एप्रिलमध्ये हे कळल्यावर तुम्ही काय केलंत, ते पत्रात नाही. ती रेट्रो तुम्ही घेत होतात, त्या मुलाने विश्वास टाकला तो तुमच्या खोलीत. तुमच्या हातात तेव्हा फार काही नव्हतं हे मला मान्य. तरी त्याला एकदा बाजूला घेऊन सांगा, की मी तेव्हा सरांशी बोलायला हवं होतं, बोलले नाही, आता बोलतेय. तुम्ही सहा वर्षं टेस्टर होतात. वेळ संपत आली आणि रिलीजची तारीख हलत नाही, तेव्हा टेस्टर काय काय सोडतो आणि कोणाला न सांगता सोडतो, हे तुमच्याइतकं सरांना कळणार नाही. त्या मुलाने सोडलेलं सांगितलं तरी. पुढच्या वेळी तो सोडेल, आणि सांगणार नाही. ते थेट प्रॉडक्शनमध्ये, ग्राहक वापरत असताना, कळेल.

आता ती अकरा वेळा आलेली स्टिकी. तुमच्या टीमने हार मानली असं मला वाटत होतं, पण ही स्टिकी वाचून आशा वाटली. कोणीतरी अजून लिहितंय.

2001च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यातून अजाइलचा, म्हणजे स्क्रम ज्यात मोडतं त्या सॉफ्टवेअर बनवायच्या विचारसरणीचा, जाहीरनामा निघाला. त्यासोबतच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचं आपल्या रेट्रोचं मूळ: टीमने ठरावीक काळाने थांबून विचार करावा की आपण अधिक परिणामकारक कसे होऊ, आणि त्याप्रमाणे आपलं वागणं बदलावं. आपल्याकडे या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा कॅलेंडरवर चढला. उत्तरार्धाला कॅलेंडरमध्ये जागाच नसते. रेट्रो संपली की कुठल्याशा पानावर ॲक्शन आयटम लिहिले जातात, आणि पुढच्या रेट्रोला पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून माझा सल्ला: पुढची रेट्रो रद्द करा. बंद नव्हे, एकच रद्द. टीमला लिहा की या शुक्रवारी बोलायचं नाही, त्या वेळात टेस्ट एन्व्हायर्नमेंटचं काय ते बघायचं. तुमचा सिनिअर खूश होईल, कारण तो जे मागतोय तेच तुम्ही देताय. आणि त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे. नऊ माणसं एक तास बसली म्हणजे नऊ तास गेले, हा हिशोब त्याने मांडला. दुसरा हिशोब तुम्ही त्याच्यासमोर मांडा. समजा स्प्रिंटमध्ये एन्व्हायर्नमेंट दोनदा तीन-तीन तास बंद पडलं आणि चार जण अडकले, तर 24 तास झाले. तुमचे खरे आकडे चॅटमध्ये सापडतील. 'एन्व्हायर्नमेंट डाऊन आहे का?' असं कोणी किती वाजता विचारलं आणि 'चालू झालं' कधी आलं, तेवढं शोधून एका कागदावर मांडायचं. रेट्रोत मतांआधी असा एक कागद असावा. 'सारखं बंद पडतं' यावर वाद होतो, 'मंगळवारी अकरा ते दोन' यावर होत नाही.

मग कारण शोधा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. आमच्याकडे असंच एक सर्व्हर दर आठवड्याला झोपायचं. का? डिस्क भरायची. का भरायची? लॉग फाइली कोणी काढत नव्हतं. का? त्या काढणारी स्क्रिप्ट होती, पण ती एका माणसाच्या लॉगिनवर चालायची आणि तो कंपनी सोडून गेल्यावर लॉगिन बंद झालं. मग दुसऱ्या कोणाकडे ते का दिलं नाही? कारण टेस्ट सर्व्हर कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. डेव्हलपरना वाटायचं ते टेस्टरचं, टेस्टरना वाटायचं ते सर्व्हर सांभाळणाऱ्या डेव्हऑप्सचं, आणि डेव्हऑप्सच्या यादीत ते नव्हतंच. स्क्रिप्ट दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला. सर्व्हर कोणाचं हे ठरवायला तीन आठवडे. शेवटी आठवड्याची पाळी लावली, घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी. तुमचं कारण वेगळं निघेल. पण खाली कुठेतरी 'हे कोणाचंच नाही' असं निघालं, तर मला नवल वाटणार नाही.

जे निघेल त्याचं तिकीट करा आणि चालू स्प्रिंटच्या बोर्डवर लावा, इतर तिकिटांच्या रांगेत, नाव आणि तारीख घालून. वेगळ्या पानावर ठेवलेलं काम हे माळ्यावर टाकलेल्या भांड्यासारखं, दिवाळीलाच आठवतं. एका स्प्रिंटला एकच. प्रॉडक्ट ओनर कुरकुर करेल, त्याला तो वाया गेलेल्या तासांचा कागद दाखवा. बाराव्या रेट्रोत ती स्टिकी आली नाही, तर तुमच्या टीमला गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा दिसेल की इथे लिहिल्याने काही होतं. त्या पुराव्याच्या आधी 'मोकळेपणाने बोला' म्हणण्यात अर्थ नाही.

त्यानंतरची रेट्रो चिठ्ठ्यांनी सुरू करा. प्रत्येकाने कागदाच्या तुकड्यावर 1 ते 5 मधला एक आकडा लिहायचा: 5 म्हणजे मी इथे काहीही बोलू शकतो, 1 म्हणजे मी मान डोलावून गप्प बसणार. फक्त आकडा, शब्द नको, अक्षर ओळखू येतं. पेनं सगळ्यांना एकाच रंगाची द्या. घरून काम करणाऱ्या दोघांसाठी ऑनलाइन फॉर्म करावा लागेल, आणि इथे फार सांभाळा. ऑफिसच्या खात्यावरून बनवलेला फॉर्म बऱ्याचदा आपणहून ईमेल नोंदवतो, ते सेटिंग बघून बंद करा. ऑनलाइन व्हाइटबोर्डवर तर कर्सरला नाव चिकटलेलं फिरत असतं, 'अनामिक' स्टिकी कोण लिहितंय ते सगळे बघत असतात. आणि दोघांचेच आकडे वेगळे आले तर तेही ओळखू येतात, म्हणून सरळ नऊही जणांना फॉर्मच भरायला लावा. चिठ्ठ्यांचा हट्ट नाही, मला त्यांचा आवाज आवडतो एवढंच.

बहुतेक आकडे 1-2 आले, तर 'काय चुकलं' विचारूच नका. विचारा, 'हा आकडा एकाने वाढायला काय व्हावं लागेल?' यावर लिहून उत्तरं घ्या, पाच मिनिटं, सगळ्यांनी गप्प बसून. कोणत्याही भाषेत. हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे रेट्रो इंग्रजीत चालते, कारण बोर्ड इंग्रजीत आहे आणि ग्राहक बाहेरचा आहे. पण ग्राहक रेट्रोत नसतो. बार्शीहून किंवा परभणीहून आलेला मुलगा स्टँडअपचं, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीचं, इंग्रजी उत्तम बोलतो, ते साच्यातलं असतं. 'मला त्या दिवशी एकट्याला टाकून सगळे निघून गेले' हे त्याला त्या साच्यात बसवता येत नाही, मग तो 'कम्युनिकेशन कुड बी बेटर' लिहितो. तुमच्यात कोणी मराठी-हिंदी न कळणारं असेल तर वाचताना तुम्ही इंग्रजीत सांगा. लिहिताना ज्याची त्याची भाषा.

बोलायची पाळी आली की सर्वांत ज्युनिअर आधी, सिनिअर शेवटी. तुमचा सिनिअर आधी बोलला तर बाकीचे 'मला पण तेच वाटतं' म्हणून सुटतील.

नॉर्मन कर्थ यांनी 2001 मध्ये रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिलं, त्यातली मूळ अट तुम्ही प्रशिक्षणात ऐकली असेल: काहीही निघालं तरी आपण असं धरून चालायचं की त्या वेळची माहिती, कौशल्य, साधनं आणि परिस्थिती बघता प्रत्येकाने जमेल तितकं उत्तम काम केलं. काही टीम हे दर वेळी प्रार्थनेसारखं मोठ्याने वाचतात. तुम्ही सध्या वाचू नका. एप्रिलनंतर ते त्या मुलाच्या कानाला कसं लागेल, याचा विचार करा. सरांचं काय ते मिटलं की मग खुशाल भिंतीवर लावा.

वेळ मात्र लगेच बदला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता हिंजवडीत माणसाच्या डोक्यात एकच विचार असतो, आत्ता निघालो तर वाकडच्या पुलाआधी अडकणार की नंतर. ज्याचं गाव लांब त्याची बस असते. गुरुवारी सकाळी अकरा धरा. तसंही अकराला सगळे खाली टपरीवर असतात आणि खरी रेट्रो तिथेच चालते, नावानिशी, कारणांसकट. तिथे तुम्ही जात असाल तर जात राहा, कटिंग घ्या, ऐका. पण तिथलं वर आणू नका, 'मला कोणीतरी सांगितलं' अशा मोघम रूपातही नाही. टपरी गमावलीत तर काहीच कळणार नाही.

तिसऱ्या रेट्रोनंतर मला आकडे कळवा, नुसते आकडे. 2 चे 3 झाले तरी लिहा. आणि समोसे जरूर मागवा, सरांचं तेवढं ऐका. फक्त फॉर्मऐवजी चिठ्ठ्याच घ्यायचं ठरलं, तर त्या मोजून फाडून झाल्यावर डबा उघडा. तेलकट बोटाची चिठ्ठी कोणाची, ते अख्ख्या टीमला कळतं.